अडखळणारे चित्र

वर्गातील संगणकावर पेशीविभाजनाची चित्रफीत आहे, भिंतीवर मोठा दूरचित्रवाणी संच आहे आणि दोहोंच्या मध्ये तार नाही. चित्रफीत सुरू होते. गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येऊन ओळीत उभी राहतात आणि ती विलग होणार, नेमक्या त्याच वेळी चित्र थिजते. आवाज मात्र पुढे चालू राहतो. दोन सेकंदांनी चित्र एकदम उडी मारते, तोवर एका पेशीच्या दोन झालेल्या असतात. जे दाखवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेवढेच पाहायचे राहून जाते.

अशा वेळी शाळा बहुधा इंटरनेटचा अधिक वेगवान जोड घेते. पैसे खर्च होतात, चित्र अडखळायचे थांबत नाही. थांबणारही नसते, कारण चित्रफीत जर संगणकातच साठवलेली असेल, तर तिचा इंटरनेटशी काही संबंध येत नाही. तिचा सारा प्रवास त्या खोलीतल्या हवेतून होतो. मग एवढ्याशा प्रवासात अडते कुठे? या प्रश्नाचे उत्तर पन्नासएक वर्षांत तुकड्यातुकड्याने मिळत गेले. त्यातले काही तुकडे हवाई बेटांवर सापडले, काही खगोलशास्त्राच्या वेधशाळेत, आणि एक तर ज्यांना चित्र पाठवायचेच नव्हते, फक्त आवाज पाठवायचा होता, अशा मंडळींना सापडला.

आधी थोडे गणित करू. आपल्याकडे दूरचित्रवाणीवर सेकंदाला २५ चित्रे दाखवण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात. आजच्या सर्वसाधारण संचावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट धरले, तर एका चित्राला जवळजवळ ५ कोटी बिट लागतात आणि सेकंदाला सुमारे १२४ कोटी. विद्यार्थ्यांकडून हा गुणाकार जरूर करून घ्यावा. एवढा लोंढा घरगुती बिनतारी जाळ्यातून वाहणे कठीण. प्रत्यक्षात आपण पाठवतो ती माहिती सेकंदाला ५० लाख ते १ कोटी बिट इतकीच असते. बाकीची गेली कुठे?

याचे श्रेय बऱ्याच अंशी बंगळूरमध्ये जन्मलेल्या आणि तेथेच अभियांत्रिकी शिकलेल्या नासिर अहमद यांच्याकडे जाते. अमेरिकेतील कॅन्सस राज्य विद्यापीठात असताना, १९७२ मध्ये, त्यांनी कोसाइन फलनांच्या साहाय्याने चित्रातील माहिती आटोपशीर करण्याच्या संशोधनासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितले. कल्पना फारच साधी आहे असे परीक्षकांना वाटले आणि अनुदान मिळाले नाही. अहमद यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि स्नेही के. आर. राव यांच्यासह लिहिलेला निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्राचा एक लहान चौकोन घ्यावा. त्यातील उजेड-अंधाराचे चढउतार हे काही संथ आणि काही जलद लाटांची बेरीज आहे असे मानावे. आणि डोळ्याला ज्या जलद लाटांचे फारसे सोयरसुतक नसते त्या टाकून द्याव्यात. १९९० च्या दशकापासूनची बहुतेक चित्र-संक्षेपाची तंत्रे या पायावर उभी आहेत. ‘फारच साधी’ या शेऱ्याची आम्हाला गंमत वाटते. विज्ञानात एखादी कल्पना साधी असणे हा दोष केव्हापासून झाला?

संक्षेपाची दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक चित्र नव्याने न पाठवता मागच्या चित्रापेक्षा वेगळे काय तेवढेच सांगणे. फळ्यापुढे शिक्षक उभे असतील तर फळा पुन्हा पुन्हा पाठवायला नको, हात हलला तेवढे कळवले की पुरे. यात बचत प्रचंड होते, पण तिची किंमत मोजावी लागते. प्रत्येक चित्र आता मागच्याच्या खांद्यावर उभे असते. एक तुकडा हरवला की बिघाड त्या चित्रापुरता राहत नाही. पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत तो डाग पडद्यावर पसरत जातो. हिरवे-करडे चौकोन पडद्यावर सरपटताना आपण पाहतो ते यामुळे.

आता वळू आवाज पाठवणाऱ्यांकडे. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘आर्पानेट’ नावाचे संगणकांचे जाळे होते. माहितीची लहान लहान पाकिटे करायची, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि ती सुटी सुटी रवाना करायची, ही त्याची रीत. त्यावेळचा सारा विचार अचूकतेचा होता. पाकीट हरवले तर पुन्हा पाठवा, क्रम बिघडला तर थांबून लावून घ्या. हिशेबाचे कागद किंवा संगणकाचा प्रोग्राम पाठवताना हे योग्यच आहे. एक अंक चुकला तर सारेच मुसळ केरात.

कॅलिफोर्नियातील माहितीशास्त्र संस्थेतील डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या जाळ्यावरून माणसाचे बोलणे पाठवायचे होते. १९७४ मध्ये ही संस्था आणि बॉस्टनजवळची लिंकन प्रयोगशाळा यांच्यात असे बोलणे झालेही. या प्रयोगांत त्यांच्या ध्यानी आले, की जाळ्याचा काटेकोरपणाच बोलण्याच्या मुळावर येतो. एक पाकीट हरवले की ते पुन्हा मिळेपर्यंत मागची सारी पाकिटे दारात अडवून ठेवली जात. वाक्यातला एखादा क्षणाचा तुकडा गळला तर ऐकणाऱ्याला क्वचितच कळते. पण त्या तुकड्यासाठी संभाषण अर्धा सेकंद थांबले तर बोलणेच तुटते. मागवलेले पुस्तक आठ दिवस उशिरा आले तरी चालते, त्यातले एकही पान गळालेले मात्र चालत नाही. वर्तमानपत्राचे उलट आहे. कालचा अंक आज आणून दिला तर तो रद्दीतच जायचा, आणि त्याच्यासाठी आजचा अंक अडवून धरणे हा तर शुद्ध वेडेपणा.

कोहेन यांनी हा आग्रह लावून धरला. १९७८ मध्ये जाळ्याचे नियम दोन थरांत विभागले गेले: पाकीट पत्त्यावर पोचवण्याचा एक थर, आणि सारे काही क्रमाने व पूर्ण पोचले की नाही ते पाहणारा दुसरा, ज्याला टीसीपी म्हणतात. ज्याला दुसऱ्या थराची गरज नाही त्याने तो टाळावा, अशी मोकळीक मिळाली. ऑगस्ट १९८० मध्ये त्यासाठी यूडीपी हा अगदी आखूड नियम प्रसिद्ध झाला. पाकीट टाका आणि विसरा, एवढेच तो सांगतो.

आवाजवाल्यांची दुसरी देणगी म्हणजे राखीव साठा. पाकिटे ठराविक अंतराने निघाली तरी ठराविक अंतराने पोचत नाहीत. कुणी रस्त्यात रेंगाळते, कुणी झपाट्याने येते. म्हणून आलेले पाकीट लगेच वापरायचे नाही. थोडी पाकिटे जमवायची आणि मग त्यांतून एका लयीत काढत जायचे. गच्चीवरच्या टाकीसारखेच हे आहे. नळाला पाणी कधी धो धो येते, कधी येत नाही. टाकीच्या तोटीतून मात्र ते एकसारखे पडते. टाकी जितकी मोठी तितका खंड सोसता येतो, पण पाणी तितकेच उशिरा वापरात येते. चित्र अडखळते म्हणजे टाकी रिकामी झालेली असते. सरासरी किती माहिती आली हा इथे प्रश्न नाही. मिनिटाभराची सरासरी उत्तम असूनही मधला अर्धा सेकंद कोरडा गेला, तर चित्र थांबणारच. इंटरनेटचा वेग मोजणारे आकडे या अर्ध्या सेकंदाविषयी अवाक्षर काढत नाहीत.

हे सारे तारेवरच्या जाळ्यांचे झाले. बिनतारी जाळ्याची कथा थोडी आधी सुरू होते, हवाई विद्यापीठात. तेथील नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी बेटांवर विखुरलेली विद्यापीठाची केंद्रे मुख्य संगणकाला रेडिओने जोडू पाहत होते. जून १९७१ मध्ये त्यांचे ‘अलोहानेट’ चालू झाले. वेग सेकंदाला ९६०० बिट. अनेक केंद्रे आणि मुख्य संगणकाकडे बोलण्यासाठी वारंवारता मात्र एकच. कुणी केव्हा बोलायचे? अ‍ॅब्रॅमसन यांचे उत्तर धीट होते: वाटेल तेव्हा बोला. पोच आली तर ठीक. नाही आली तर दुसऱ्या कुणाच्या पाकिटाशी टक्कर झाली असे समजा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा पाठवा. थांबायचा वेळ प्रत्येकाने यदृच्छेने निवडायचा, नाहीतर तेच दोघे पुन्हा एकमेकांवर आदळायचे.

हा कारभार किती कार्यक्षम असेल? गणिताने उत्तर येते ते जास्तीत जास्त १८ टक्के. एका पाकिटाला टक्कर टाळायची तर त्याच्या स्वतःच्या लांबीइतका वेळ आणि त्याच्या आधीचा तेवढाच वेळ, असा दुप्पट काळ हवा मोकळी लागते. ही संख्या त्यातून निघते. बोलायला सुरुवात फक्त घड्याळाच्या ठोक्यावर करावी, एवढी शिस्त लॅरी रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये सुचवली, तेव्हा ती दुप्पट म्हणजे ३७ टक्क्यांच्या आसपास गेली.

या कामाचा अभ्यास करून बॉब मेटकाफ यांनी १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात तारेवरचे ‘इथरनेट’ कल्पिले. तेथे सुधारणा अशी की बोलण्याआधी ऐकायचे, आणि बोलताना सुद्धा ऐकत राहायचे. टक्कर झालेली कळताच गप्प व्हायचे. रेडिओला पहिली गोष्ट जमते, दुसरी जमत नाही. आपल्या अँटेनातून निघणारी लहर ही खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्या लहरीपेक्षा सहज शंभर कोटी पट बलवान असते. ढोल वाजवणाऱ्याला कुजबूज ऐकू येईल कशी? शिवाय दोन उपकरणे एकमेकांना ऐकू येत नसतील, भिंत आड येत असेल, तरी मधल्या राऊटरला दोघेही ऐकू येतात आणि तिथे टक्कर होते. क्लाइनरॉक आणि टोबागी यांनी १९७५ मध्येच या लपलेल्या सोबत्याचा प्रश्न दाखवून दिला होता.

म्हणून १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचे जे मानक ठरले, ज्याला पुढे वाय-फाय हे नाव पडले, त्यात टक्कर ओळखण्याऐवजी टाळण्यावर भर आहे. आधी ऐका, हवा मोकळी वाटली तरी यदृच्छेने थोडे थांबा, मग बोला, पोच आली नाही तर आधीपेक्षा दुप्पट मोठ्या मर्यादेतला आकडा निवडून तितके थांबा आणि पुन्हा बोला. परिणाम असा, की वाय-फायमध्ये पाकीट सहसा हरवत नाही. ते उशिरा पोचते. एकेक पाकीट चार-पाच वेळा पाठवले जाते आणि वरच्या थराला याचा पत्ताही नसतो. चित्रासाठी मात्र उशिरा पोचलेले पाकीट हे हरवलेल्यासारखेच. कोहेन यांनी ज्या काटेकोरपणातून सुटका करून घेतली होती, तो हवेतल्या थरात मागल्या दाराने परत आला. त्याला इलाजही नव्हता. टीसीपी हरवलेले पाकीट पाहिले की जाळ्यात गर्दी झाली असे समजून आपला वेग खाली आणते, तेव्हा हवेतली प्रत्येक गळती वर कळू दिली असती तर साध्या पत्रव्यवहाराचाही खेळखंडोबा झाला असता.

यात आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. संगणक आणि दूरचित्रवाणी संच दोन्ही बिनतारी जोडलेले असतील, तर चित्राचे पाकीट संगणकाकडून थेट संचाकडे जात नाही. ते आधी राऊटरकडे जाते आणि तिथून संचाकडे. तीच हवा दोनदा वापरली जाते, टकरीचा धोका दोनदा पत्करावा लागतो आणि हाती लागणारा वेग निम्मा होतो.

खोलीचा दुसरा उपद्रव म्हणजे प्रतिध्वनी. रेडिओ लहरी भिंती, कपाटे, छत यांवरून परावर्तित होतात. १० मीटर जास्तीचा फेरा घालून आलेली लहर ३३ नॅनोसेकंद उशिरा पोचते. सेकंदाला ५ कोटी ४० लाख बिट एकामागून एक पाठवायचे म्हटले, तर एका बिटाच्या वाट्याला साडेअठरा नॅनोसेकंदच येतात. म्हणजे मागच्या बिटाचा प्रतिध्वनी पुढच्या बिटांवर येऊन बसतो. घुमणाऱ्या सभागृहात भराभर बोलणाऱ्याचे जे होते तेच. अशा सभागृहात उपाय एकच, सावकाश बोलणे. पण सावकाश बोलले तर मजकूर पोचायचा केव्हा? तोड अशी, की अठ्ठेचाळीस जणांनी वेगवेगळ्या स्वरपट्टीत एकाच वेळी सावकाश बोलावे. प्रत्येकाचा शब्द इतका लांब असतो की प्रतिध्वनी विरून जायला अवधी मिळतो, आणि सगळ्यांचे मिळून काम भराभर होते. १९९९ च्या मानकात हेच केले आहे. ४८ उपवारंवारता माहितीसाठी, प्रत्येक ‘शब्द’ ४ मायक्रोसेकंदांचा आणि त्यातले ०.८ मायक्रोसेकंद प्रतिध्वनीसाठी राखून ठेवलेले.

या भागात ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचे नाव हटकून येते. तेथील जॉन ओ’सुलिव्हन हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये असताना त्यांनी सहकाऱ्यांसह, लहान कृष्णविवरे फुटताना निघू शकतील अशा क्षणिक रेडिओ स्पंदांचा शोध घेतला. स्पंद सापडले नाहीत. मात्र विस्कटलेल्या संकेतातून मूळ संकेत काढण्याची आणि त्यासाठी लागणारे फूरिए विश्लेषण झपाट्याने करण्याची जाण त्यांच्यापाशी होती, ती १९९० च्या सुमारास खोलीतल्या प्रतिध्वनींसाठी कामी आली. ओ’सुलिव्हन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांना अमेरिकी पेटंट १९९६ मध्ये मिळाले. पुढे मोठमोठ्या कंपन्यांशी खटले होऊन २००९ आणि २०१२ मधल्या तडजोडींतून संस्थेला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. ‘ऑस्ट्रेलियाने वाय-फायचा शोध लावला’ हे विधान मात्र आम्हाला अतिशयोक्त वाटते. अनेक उपवारंवारतांवर समांतर बोलण्याची कल्पना १९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेत आर. डब्ल्यू. चँग यांनी मांडली होती, टकरीचे नियम हवाईहून आले, आणि मानक ठरवण्याच्या समितीत अनेक देशांचे अभियंते होते. कृष्णविवरांपासून वर्गखोलीपर्यंतचा धागा खरा आहे, तेवढा मुलांना सांगावा.

कोणत्या वारंवारतेवर बोलायचे याचाही एक इतिहास आहे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही पट्टे परवान्याविना संदेशवहनासाठी खुले केले. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे जवळजवळ उकिरडा समजला जाई, कारण मायक्रोवेव्ह भट्ट्या तिथेच चालतात. फुकट मिळाली म्हणून ती जागा वाय-फायने घेतली. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे जेमतेम तीन मार्ग मावतात, आणि त्यात शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथचे माऊस व हेडफोन यांची भर पडते. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मायक्रोवेव्ह भट्टीची लहर विजेच्या आवर्तनाबरोबर चालूबंद होते, म्हणजे दर २० मिलिसेकंदांपैकी सुमारे निम्मा वेळ ती गोंगाट करते. शिक्षक-खोलीतला चहा गरम होत असताना शेजारच्या वर्गातले चित्र अडखळत असेल तर त्यात योगायोग मानण्याचे कारण नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे. तो भिंतीपलीकडे नीट पोचत नाही, पण एका खोलीपुरते पाहिले तर हा त्याचा गुणच म्हणायचा. शेजारीही आपल्याकडे पोचत नाहीत.

इथवरच्या गोष्टी अभियंत्यांना आधीपासून माहीत होत्या. २००३ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथील मार्टिन ह्यूस आणि सहकाऱ्यांनी जे दाखवले ते अनेकांना चकित करणारे होते. वाय-फायमधले उपकरण दूर गेले किंवा गोंगाटात सापडले की ते आपला वेग कमी करते, सावकाश बोलू लागते. आणि नियम तर असा की बोलण्याची पाळी सर्वांना समान मिळावी. पाळी समान, वेळ नव्हे. समजा वर्गातल्या संगणकाचा वेग सेकंदाला ५४० लाख बिट आहे. १२,००० बिटांचे पाकीट पाठवायला त्याला ०.२२ मिलिसेकंद लागतात. व्हरांड्याच्या टोकाला कुणाचा जुना फोन १० लाखाच्या वेगाने बोलतो आहे. त्याला तेवढ्याच पाकिटाला १२ मिलिसेकंद लागतात. दोघे आळीपाळीने बोलले तर १२.२२ मिलिसेकंदांत प्रत्येकाचे एक पाकीट जाते. म्हणजे दोघांचाही वेग दहा लाखांच्या खाली! संगणकात, राऊटरमध्ये, संचात कुठेही दोष नाही, तरी चित्र बंद पडते. एकाच पाणवठ्यावर प्रत्येकाने एक भांडे भरायचे ठरले आणि एकाने टिपाड आणले, तर तांब्या घेऊन आलेल्याचेही टिपाडवाल्याच्याच गतीने व्हायचे.

हे माहीत असूनही नियम लगेच बदलला नाही, आणि तोवर घरोघरी चित्रे हवेतून जाऊ लागली. २०१० मध्ये अ‍ॅपलचे एअरप्ले आले, २०१२ मध्ये मिराकास्ट हे मानक, २०१३ मध्ये गूगलचे क्रोमकास्ट. वापरणाऱ्याला ही एकसारखी वाटतात, पण यात दोन अगदी वेगळ्या कामांची गल्लत होते. एका रीतीत संगणकाचा पडदा जसाच्या तसा संचावर उमटवायचा असतो. इथे संगणक आधी चित्रफीत उलगडतो, पडद्यावर रंगवतो, तो पडदा पुन्हा संक्षिप्त करतो आणि पाठवतो. आणि माऊस हलवला की संचावर लगेच हललेला दिसावा म्हणून टाकी अगदी लहान ठेवावी लागते. सेकंदाच्या अंशाचा खंडही सोसत नाही. दुसऱ्या रीतीत संगणक मूळ चित्रफीतच संचाच्या हवाली करतो आणि संच ती आपल्या गतीने, कित्येक सेकंदांची टाकी भरून, दाखवतो. चालत्या प्रयोगाचे थेट दृश्य असेल किंवा फळ्यासारखे लिहायचे असेल तर पहिल्या रीतीला पर्याय नाही. तयार चित्रफितीसाठी ती वापरणे म्हणजे टाकी असताना थेट नळाखाली घागर धरून बसणे होय. आमच्या मते वर्गातल्या अडखळण्याचे हे सर्वांत मोठे आणि सर्वांत स्वस्तात सुटणारे कारण आहे. (चित्रपटाची सेकंदाला २४ चित्रे ६० वेळा उजळणाऱ्या पडद्यावर बसवताना काही चित्रे दोनदा आणि काही तीनदा दाखवावी लागतात. त्याने येणारा सूक्ष्म हिसका वेगळा. त्याचे खापर हवेवर फोडू नये.)

टाकी मोठी असली की बरे, असे एव्हाना वाचकांना वाटू लागले असेल. यंत्रे बनवणाऱ्यांनाही तसेच वाटले. स्मृती स्वस्त होत गेली तशा त्यांनी राऊटरमध्ये आणि संगणकाच्या रेडिओ भागातही मोठमोठ्या टाक्या बसवल्या. परंतु ही टाकी वेगळ्या ठिकाणची. संचातली टाकी पाणी वापरणाऱ्याच्या हाताशी असते. वाटेतली टाकी म्हणजे नुसती रांग. २०१० मध्ये अमेरिकेत जिम गेटिस घरून एक मोठी फाइल पाठवत असताना मुलांनी इंटरनेट मंद झाल्याची तक्रार केली. त्यांनी मोजले तेव्हा पाकिटांना एक सेकंदाहून जास्त उशीर होत होता. कारण, टीसीपी जोवर पाकीट हरवत नाही तोवर वेग वाढवत जाते, आणि टाकी एवढी मोठी की पाकीट हरवतच नाही, नुसते रांगेत उभे राहते. २० लाख बिटांनी रिकामी होणारी ८० लाख बिटांची टाकी भरली, की तिच्या शेपटीला लागलेले पाकीट ४ सेकंदांनी बाहेर पडणार. शाळेत कुणी मोठी फाइल उतरवून घेत असेल तर चित्राचे पाकीट नेमके त्या शेपटीला लागते. गेटिस यांनी या रोगाला ‘बफरब्लोट’ म्हटले. बफर फुगण्याचा रोग.

इलाज २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी काढला. आजवर सारे रांगेची लांबी मोजत होते. त्यांनी प्रत्येक पाकीट रांगेत किती वेळ उभे होते ते मोजले. सतत १०० मिलिसेकंदभर कमीत कमी खोळंबाही ५ मिलिसेकंदांच्या खाली येत नसेल, तर पाकिटे टाकून द्यायला सुरुवात करायची. पाठवणारा आपोआप आवरते घेतो. १९७४ मध्ये आवाजवाल्यांनी धरलेला हट्ट, की मोजायचा तो वेळ, अडतीस वर्षांनी राऊटरच्या पोटात पोचला.

ग्रनोबलच्या टिपाडाचा निकाल २०१७ मध्ये लागला. स्वीडनमधील कार्लस्टाड विद्यापीठाचे टोके होइलँड-योर्गेनसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राऊटरमध्ये प्रत्येक उपकरणाने हवा किती मिलिसेकंद वापरली याचा हिशेब ठेवला आणि पाळ्यांऐवजी वेळ समान वाटला. टिपाडवाल्याला आता तांब्याच्या वेळेइतकाच वेळ नळ मिळतो. त्याचे काम त्याच्या गतीने होते आणि इतरांचे इतरांच्या. हे काम लिनक्समध्ये समाविष्ट झाले आहे. तरीही राऊटर फक्त स्वतः पाठवतो त्या पाकिटांवर राज्य करतो. व्हरांड्यातला जुना फोन स्वतःहून बोलू लागला, तर त्याला गप्प करणे राऊटरच्या हाती नाही.

तेव्हा वर्गापुरते करायचे ते असे. चित्रफीत तयार असेल तर पडदा उमटवण्याची रीत सोडून फीतच संचाकडे पाठवावी. संच आणि संगणक ५ गिगाहर्ट्झवर आणावेत, आणि राऊटर त्याच खोलीत असावा. आणि संगणक किंवा संच यांपैकी एक तरी राऊटरला तारेने जोडावा. दोन्ही जोडण्याची गरज नाही. एकच तार लावली की पाकिटाचा हवेतला एक टप्पा कमी होतो, दोनदा वापरली जाणारी हवा एकदाच वापरली जाते. ती तार दहा-पंधरा मीटरची असली तरी चालते.